लांब दांड्याचा पाना

“काका, हे जहाज विकता का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी गॅरेजवाल्या काकांना विचारलं. कोपऱ्यातली अठरा फुटी जुनी अमेरिकन गाडी शनिवारी भंगारात जाणार होती. “इंजिन जाम आहे. हाताने फिरवून दाखव, फुकट ने!” काका हसले. मैत्रिणी खिदळल्या. झालं, मी पेटले! रोज शाळा सुटली की इंजिनाचे स्पार्क प्लग काढून त्यांच्या भोकांत तेल सोडायचे आणि इंजिनाच्या पुढच्या बोल्टला लावलेल्या लांब दांड्याच्या पान्याला लोंबकळायचे. इंजिन ढिम्म. शनिवारी भंगारवाला आला. “पोरी, सोड आता,” काका म्हणाले. सोडतेय कसली! बंपरला पाय रोवून मी पाना ओढला. कर्रकन आवाज झाला. पाना बोटभर सरकला, मग वीतभर. इंजिन फिरलं! काकांनी भंगारवाल्याला परत पाठवलं. घरी येऊन काळाकुट्ट पाना मी जेवणाच्या टेबलावर आपटला. “आई, वाढदिवसाला स्कूटर नको. बाबा, तुमची गाडी रस्त्यावर लावा. दारात माझी येतेय!”