आधी आणू नये

संयोगिताने भिंतीवरची खेळण्यांची फळी सकाळपासून तिसऱ्यांदा काढली, टेपने मोजली आणि दोन सेंटिमीटर खाली बसवली. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम लावला, तो उपटून पुन्हा नीट चिकटवला. सासूबाई खोलीच्या दारातच उभ्या होत्या. आत पाय ठेवायला तयार नव्हत्या.

"मूल हुयाच्या आदी कायबी आणू नये, म्हाईत हाय न्हवं? मागल्या खेपंला आदीच पाळणा आणलास. काय झालं?"

संयोगिताचे हात थांबले.

"आई, दत्तक घेतोय आपण. ती जन्मून दोन वर्षं झाली. उद्या फक्त घरी येतीय."

 सासूबाई पदर खोचून आत आल्या.

"मग दोन वर्सं उशीर केलास की गं!"