आवाज सापडला नाही

चौदा मिनिटांच्या धड्यातले फक्त अकरा सेकंद उरले होते.

ओडेसाने ते तीनदा मागे नेऊन बघितले. नवशिक्यांसाठी खुणांच्या भाषेचा पहिला धडा. सकाळपासून खपून केलेला, स्वयंपाकघरात बाथरूमचा निळा पडदा टांगून, इस्त्रीच्या टेबलावर कॉर्नफ्लेक्सचे खोके रचून, त्यावर फोन ठेवून. आणि उरलं काय, तर तिच्या भावाचा, रुबेनचा बूट, मग गरकन फिरलेलं छत, मग वरून फोनमध्ये डोकावणारे ते दोघं, पोट धरून हसताना.

म्हणजे झालं असं होतं, की रुबेनला दिवा सरकवायचा होता आणि तिने बघावं म्हणून त्याने नेहमीसारखा जमिनीवर पाय आपटला. दोघंही जन्मापासून बहिरे, घरात हाक मारायची ती अशीच. खोके धाडकन खाली. आणि आता त्याच रुबेनने व्हिडिओ कापायच्या फुकटच्या प्रोग्रॅममधलं ‘शांतता काढून टाका’ हे बटण दाबलं होतं. नको त्या जागा आपोआप कापतं म्हणे. कापल्या. तिचे हात जिथे जिथे बोलत होते, तेवढ्या सगळ्या.

“बघ, माझा पाय तुझ्यापेक्षा चांगला शिकवतो,” रुबेन हातांनी म्हणाला. ती हसली नाही.

सव्वाचार झाले होते. पाचपर्यंत धडा वाचनालयाकडे गेला नाही, तर त्यांच्या वेबसाइटवर गेल्या वर्षीच्या त्या माणसाचाच राहणार होता. तो ऐकू येणारा. तोंडाने बोलत बोलत खुणा करायचा, त्यामुळे हात अर्धेच चालायचे. त्याच्याकडे शिकलेली माणसं ओडेसाच्या बेकरीत यायची, हाताने हॅलो करायची आणि उत्तर यायच्या आत पाकिटात डोकं घालायची. बघायचीच नाहीत.

त्यात वाचनालयाच्या हॉलिसबाईंचा मेल आला. छान चाललंय, पण आवाज हवाच, कॉम्प्युटरचा असला तरी चालेल, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल काहीतरी बिघडलंय. आवाजाशिवायचं घेऊ शकू असं वाटत नाही.

“लाव ना अगं तो फुकटचा आवाज,” रुबेन म्हणाला. “आपल्याला कुठे ऐकू येणारे? हवामान सांगू दे त्याला.”

“त्यांना येईल ना. मग ते ऐकत बसतील. बघणार कोण?”

कापलेलं परत आणायला एक बटण पुरलं. मग तिने कॉर्नफ्लेक्सच्या एका खोक्याची बाजू फाडली, जाड मार्करने दोन ओळी लिहिल्या आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. रुबेनने फोन सुरू केला. तिने पुठ्ठा छातीशी धरला.

तुमचा स्पीकर बिघडलेला नाही.
इकडे बघा.

पुठ्ठा खाली ठेवला आणि ती नुसती उभी राहिली. हात खाली, नजर फोनच्या डोळ्यात. दहा सेकंद. वीस. रुबेनला राहवेना, त्याने पाय उचलला, खोक्यांकडे बघितलं आणि हळूच खाली टेकवला. समोरचा बघायला लागल्याशिवाय हात उचलायचे नाहीत, हे दोघांनाही चालायच्या आधी शिकवलेलं. ती थांबली. चांगली थांबली. मग तिने हात उचलले.

हा तुकडा धड्याच्या पुढे जोडून झाला, तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती. तिने पाठवायचं बटण दाबलं, तशी स्क्रीनवर लाल चौकट आली. या व्हिडिओत आवाज सापडला नाही. तरीही पाठवायचा?

रुबेनने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

ओडेसाने त्याचे हात मनगटाला धरून खाली ओढले, त्याची नजर आपल्याकडे येईपर्यंत थांबली, आणि मग ‘हो’वर बोट टेकवलं.