जनकाबाईची रांग

जनकाबाईची रांग घोंगड्यांच्या दुकानाला वळसा घालून पार शाहिरांच्या मांडवापर्यंत गेली, तेव्हा सोजराबाईच्या तोंडची चवच गेली.

चिखलीच्या मैदानावर वऱ्हाडी महोत्सव भरला होता. एका टोकाला डफ-तुणतुणं वाजत होतं, मधे सुपं-टोपल्या विणणारे बसले होते आणि दुसऱ्या टोकाला चुली पेटल्या होत्या. रोहिणखेडच्या दोघी जावा पुरणाचे मांडे करायला आल्या होत्या. थोरली सोजराबाई, धाकटी जनकाबाई. दोघींच्या चुलींमध्ये ठेचा-भाकरीचं एकच दुकान. संध्याकाळपर्यंत दोघींपैकी एकीचं नाव ठरणार होतं. ती पुढच्या महिन्यात नागपूरच्या मोठ्या महोत्सवात जिल्ह्यातर्फे मांडे करणार होती.

आपल्याला नागपूरचं काही कौतुक नाही, असं सोजराबाई सगळ्यांना सांगत असे. साफ खोटं. गेले पंधरा दिवस ती झोपेतसुद्धा नागपुरातच होती. सासूनं जाताना आपलं खापर, म्हणजे चुलीवर पालथं घालून मांडे भाजायचं ते मातीचं भांडं, थोरलीच्या हाती सोपवलं होतं. त्या खापरावर पस्तीस वर्षं तिनं गावातली लग्नं जेवू घातली. धाकट्या जावेला मांडा हातावर घ्यायला तिनंच शिकवलं. आणि आज चेलीच्या चुलीपुढं जत्रा, गुरूच्या चुलीपुढं चिटपाखरू नाही.

तिनं पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत चार फेऱ्यांत सुपाएवढा केला आणि खापरावर टाकला. डोळे सगळा वेळ शेजारच्या चुलीवर. हातांना काही सांगावं लागत नव्हतं. समोर दोघं उभी होती. मांडा घडी घालून, वर तूप सोडून तिनं त्यांच्या हाती दिला. ती दोघं गेली. पाठोपाठ तिघं आली, तीही गेली. चुलीपुढं पुन्हा मोकळी जमीन.

"तिकडं उभं राहून पाय दुखले का मंग येतात इकडं," ती सुनेला म्हणाली.

"आत्याबाई, तिसरी परात मळू का?" रुपालीनं विचारलं. "पुरणही सरत आलं."

"आणलंच कितीसं होतं आपण."

रुपालीनं परात ओढून कणीक मळायला घेतली. चार वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती.

दुपार कलली, पण जनकाबाईची रांग काही हलेना. लोक आता मांड्यांचे सोडून रांगेचेच फोटो काढू लागले. नवा येणारा माणूस आधी रांगेचं शेपूट शोधी आणि तिथं जाऊन उभा राही. सोजराबाईचा जीव जळत होता. काय घातलं असेल जनकीनं पुरणात? की कोणाची ओळख लावली? की सासूनं जाता जाता हिच्या कानात आणखी काही सांगितलं होतं? हेवा एकदा चुलीशी येऊन बसला की त्याला सरपण कमी पडत नाही. तेवढ्यात जनकाबाईनं पिठाचा हात वर करून तिच्याकडं पाहून हलवला. सोजराबाईनं मान फिरवली.

"पाह्य, मले दाखवून राह्यली," ती पुटपुटली.

मग संघपाल सर आले. शाळेत शिकवत, आणि नागपूरला पाठवायची नावं ठरवायचं काम त्यांच्याकडं होतं. ते आधी जनकाबाईपाशी थांबले. जनकाबाई त्यांच्याशी बराच वेळ बोलत राहिली. सरांनी मान डोलावली, वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि ते इकडं निघाले. सोजराबाईला आणखी काही समजून घ्यायचं उरलं नव्हतं.

"मावशी..." सरांनी सुरुवात केली.

"सांगू नका, सर. मले दिसते. जिच्या दारी लोक, तीच मोठी. तिचंच नाव लिहा. आजपासून मी खापराले हात लावत नाही."

नुसतं बोलून थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि धगधगत्या खापरावर उपडा केला. तापल्या खापरावर पाणी पडू देऊ नये, हे गावातल्या पोरीबाळींना तिनंच शिकवलं होतं. वाफेचा लोट उठला. आत काहीतरी कटकन वाजलं. सासूचं खापर मधोमध उकललं, अर्धं चुलीत पडलं आणि अर्धं तिच्या पायाशी आलं.

रुपालीनं तोंडावर पदर धरला. वही संघपाल सरांच्या हातात उघडीच होती.

"नाव तुमचंच लिहिलं, मावशी," ते हळू आवाजात म्हणाले. "जनकाबाईनंच लिहायले लावलं. म्हणे, माहा हात लई सावकाश चालते. माहा एक मांडा होईलोक दहा जण येऊन उभे राह्यतात, म्हणून एवढी लाइन. थोरल्या बाईपुढं लाइन दिसन कुठून, त्या कोणाले उभंच राहू देत नाहीत. मघापासून हात करून बलावून राह्यली होती तुमाले. आता मलेच पाठवलं. हे लोक काही माह्याच्यानं आटपत नाहीत म्हणे, बाईले म्हणा, खापर घेऊन या."