होडीतले आठ दिवस

एकट्यानं, स्वस्तात राहायचं म्हणून पुण्याच्या शार्दूलनं हिर्डोशीकडच्या धरणातली एकुलती एक होडी आठ दिवस भाड्यानं घेतली. "घ्या बिनघोर, साहेब. पलीकडच्या वस्तीचं बगू कायतरी," म्हणत होडीवाल्या धनाजीनं वल्ही त्याच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी पलीकडं भात कापताना धोंडाबाईला साप चावला. सून नूतन काठावर धावत आली आणि पदर हलवत ओरडायला लागली, "ओ दादा, होडी आणा! सासूला साप चावलाय वो!" सगळी वस्ती हात करत होती. शार्दूलनं मोबाईल उचलला आणि शूटिंग केलं. धोंडाबाईनं काठावरच जीव सोडला.



संध्याकाळी त्याचा व्हिडिओ आला, ओरडणं काढून त्यावर बासरी लावली होती आणि खाली लिहिलं होतं, "किती प्रेमळ माणसं! अख्खं गाव मला टाटा करायला आलं."