पिनवालं की फोनवालं

"दुकानातून निघताना फोनवर नुसतं बोट ठेवायचं काका. तुम्ही घरी येस्तोवर सौना तापून तयार," असं म्हणत दयानंदनं टीपॉयवर दोन डबे मांडले. दोन्ही सौनाचेच कंट्रोलर. जुन्याचा टायमर बिघडला होता, म्हणून विरूपाक्ष आप्पांनी ह्या सौनावाल्याला नांदेडहून बोलावून घेतलं होतं.

आता लातुरात मे महिन्यात घाम काय विकत आणावा लागतो? पण आप्पांनी हैदराबादला साडूच्या घरी सौना बघितला आणि गच्चीवर तसलीच घाम काढायची लाकडी खोली उठवलीच. आल्यागेल्याला चहाच्या आधी ती खोली दाखवायची, अशी हौस. स्वतः बसायचे कधीतरी सणावारी. रोज बसायची ती त्यांची लेक, अक्षरा.

काल दुपारी मंजुषानं, तिच्या आईनं, तिला त्या खोलीतून ओढत बाहेर काढलं होतं. डोळे फिरलेले, ओठ वाळून गेलेले. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "उन्हाळा हाय, येती चक्कर. ताक दे." ताक अक्षरानं बेसिनमध्ये ओतलं. दिवाळीच्या पाडव्यापासून तिच्या ताटातलं सगळं असंच कुठं कुठं जात होतं. लग्नाआधी जरा बारीक व्हायचं म्हणून सुरू झालं, आणि आता पोर थांबायलाच तयार नव्हती.

बरं, हे दयानंदसमोर बोलायचीही सोय नव्हती. अक्षराला आलेलं स्थळ त्याच्याच मावशीच्या घरचं, उदगीरचं. पोरीच्या दुखण्याचा एक शब्द इथं पडला, की संध्याकाळच्या आत उदगिरात पोचला म्हणून समजा. म्हणून चहा ठेवून मंजुषा आत गेली नाही. खुर्चीच्या कडेला टेकली. पोरीबद्दल बोलता येत नव्हतं, मशीनबद्दल तर येत होतं!

"आत माणूस बेशुद्ध पडलं तर कळतंय का ह्याला?" तिनं फोनवाल्या डब्याकडं बोट केलं.

दयानंदला हसू आलं. "माणसाचं न्हाई कळत काकू. तापमान कळतं."

"मग वेळ वाढवायचं कुणाच्या हातात?"

"ज्याच्या फोनात ॲप, त्याच्या. पाहिजे तेवढा वाढवा."

"आणि हे दुसरं?"

"हे पिनवालं. पिन टाकल्याबिगर चालूच होत न्हाई. ठरवलेली वेळ झाली की आपोआप बंद. घरात बारकी लेकरं असली की नेतात लोक."

"हेच द्या," मंजुषा म्हणाली. जरा जास्तच घाईनं म्हणाली. "पिन माझ्याकडं ऱ्हाईल."

आप्पा खो खो हसले. "अगं, आपल्या घरात कोण बारकं लेकरू हाय? आता माझ्याच घरात घाम काढायला मी तुझी परवानगी मागू व्हय?"

"तेच ना आप्पा," अक्षरा बापाशेजारून गोड हसत म्हणाली. "आईला सगळ्याचीच भीती. पिन विसरली की तुम्हालाच दुकानातून बोलावून घेईल."

तिघंही हसली. मंजुषाला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं. फोनवालं घरात आलं की पोर हातची गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं आणि तोंड तर उघडता येत नव्हतं.

"अहो, आपल्याकडं लाइट जाती-येती. लाइट आल्यावर हे आपलं आपण चालू झालं म्हणजे?"

"न्हाई होत काकू. परत बटण दाबावंच लागतं."

"अहो, जरा आत येता का? बोलायचं हाय." ती आता आप्पांकडं वळली.

"पाहुणा बसलाय ना इथं! मागून बोल," आप्पांनी हात झटकला आणि दयानंदकडं वळले. "फोनवालं पक्कं. आणि ते ॲप का काय ते अक्षराच्या फोनात टाक बाबा. मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई. लाइटबिल म्हणा, गॅस म्हणा, सगळं हीच करायली. लई हुशार हाय आमची पोरगी."

अक्षरानं फोन द्यायला हात पुढं केला.

तो हात मंजुषानं मधेच धरला. दुसऱ्या हाताची सोन्याची पाटली दातांनी ओढून काढली. साबण लावल्याशिवाय न निघणारी पाटली ती, निघताना मनगट सोलून निघालं. अक्षराच्या कुर्त्याची लांब बाही तिनं एका झटक्यात खांद्यावर सारली आणि पाटली पोरीच्या हातात घातली. पंजावरून गेली, मनगटावरून गेली, कोपरावरून गेली. कुठं अडलीच नाही. सरळ खांद्यापाशी जाऊन थांबली.

"हे बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "ताक देऊ?"

आप्पा पुढं वाकून पोरीचा हात बघायला लागले. दयानंदनं हातातला डबा हळूच खाली ठेवला आणि नजर कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

अक्षरा हात सोडवायला बघत होती. तेवढीही ताकद तिच्यात नव्हती.

"आई, काढ ना गं," ती कुजबुजली. "ते उदगीरला सांगतील. बघायलेत सगळे."

"बघू दे," मंजुषा म्हणाली. तिनं हात सोडला नाही. "बघू दे गं बाई. कोणीतरी बघू दे."