अहो

"हात सोडा माझे! अहो, सांगा ना हिला!"

नर्सने तिची दोन्ही मनगटे पलंगाच्या कठड्यांना मऊ पट्ट्यांनी बांधली. सकाळपासून तिने सलाईनची सुई दोनदा उपटली होती. तो पायथ्याशी उभा होता. त्याच्या नखांत सायकलच्या साखळीचे काळे तेल होते.

"थोडाच वेळ. मी इथंच आहे," तो म्हणाला.

"बाकी सगळं विसरल्या, पण तुम्हाला बरोबर ओळखतात," नर्स म्हणाली. ती वॉर्डात नवी होती. "नशीबवान आहात. आमचे हे तर धडधाकट असून मला ओळखत नाहीत."

तो कसनुसा हसला.

"आणि तुम्ही काय हो, बायकोला साधी हाकही मारत नाही? एवढे लाजता?"

"सवय नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

चौकातले सायकल दुरुस्तीचे दुकान दोघा भावांचे. गल्ल्यावर ती बसायची. मोठा भाऊ अचानक गेला आणि त्याच महिन्यात हिचे बिनसले. ती गिऱ्हाइकाला भलत्याचीच सायकल देऊ लागली. भिंतीशी भांडू लागली. नातेवाईक म्हणाले, घरात मृत्यू झालाय, मनाला लागलंय, येईल ताळ्यावर. मग एका दुपारी ती दुकानातच झटका येऊन कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवून समजावले. हे वेड नव्हे. क्वचित कुणाला होणारा आजार आहे. शरीराची राखण करणारी फौजच मेंदूवर उलटते.

"म्हणजे राखणदारानंच घर फोडलं," तो म्हणाला.

"तसंच. त्या बोलतील ते बोलू द्या. चूक दाखवायला जाऊ नका."

ते त्याने आधीच एकदा करून पाहिले होते. भाऊ गेल्याचे हळूच सांगितले होते. ती किंचाळली, झटक्यांवर झटके आले आणि शुद्धीवर आली तेव्हा डोक्यातून सगळे पुसले गेले होते. तेव्हापासून त्याने तोंडाला कुलूप लावले.

स्टेरॉइड देऊन झाली. रक्तातला द्रव बदलून झाला. आता शेवटचे औषध चालू होते.

"याचा गुण आला नाही तर पुढं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिवस सरत गेले. ती भरवलेला घास थुंकायची, त्याला चावायची, आणि लगेच "अहो, लागलं का?" म्हणून रडायची. मग तो बाहेरच्या बेसिनचा नळ पूर्ण सोडून तोंड धूत राहायचा. आतून कोणी हाक मारेपर्यंत. एकदा नीट बघू दे तिला माझ्याकडे, एवढेच तो मागायचा. कोणाकडे, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

एका सकाळी ती शांत जागी झाली. बांधलेल्या हातांकडे बघून म्हणाली, "हे काय? मी काय पळून जाणारेय का?"

नर्स धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. पट्ट्या सुटल्या. नाव विचारले, बरोबर आले. दुकान कसले, तेही आले.

"आणि यांना ओळखलंत?"

तिने त्याच्याकडे निरखून पाहिले, घाईने पांघरूण सावरले आणि नीट उठून बसली.

"म्हणजे काय? भावोजी, किती वाळलात हो तुम्ही!" तिची नजर त्याच्या मागे दाराकडे गेली. "आणि एकटेच आलात? हे कुठे राहिले?"