पंधरा तारखेची फळी

"आता ही," मास्तर म्हणाले, आणि कारागिराने तिसरी गिटार संगीतशिक्षिकेच्या मांडीवर ठेवली.

माप एक, तारा त्याच, वाजवणारा हातही एकच; फरक केवळ पाठीच्या लाकडाचा. शिसवीचा खर्ज खोल, विझताना रेंगाळणारा. महोगनी उबदार, पण मितभाषी. मेपल स्वच्छ आणि काहीशी रुक्ष. सांगायचे ते सांगून गप्प.

"शिसवीच," शिक्षिका म्हणाल्या. "हिच्यापुढे बाकीच्या दोघी पाणी भरतील."

"बाई, तुम्ही ती ऐकली नाहीत ना, म्हणून." मास्तरांनी उसासा टाकला. "चाळीस वर्षं वाळलेली शिसवी होती माझ्याकडे. तिची पाठ झाली असती तर... जाऊ द्या. हात सगळ्यांचेच चुकतात."

कारागिराने मान खाली घातली. कधीच न वाजलेल्या लाकडाशी कोणते लाकूड स्पर्धा करणार? एकोणीस वर्षे प्रत्येक तुलना त्या फळीपाशी येऊन थांबत होती, आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाची नजर त्याच्यापाशी.

घटना साधी होती. चौदा तारखेच्या दुपारी त्याने मास्तरांना सांगितले, की महिनाअखेर तो स्वतःचे दुकान थाटणार. मास्तरांनी पाठ थोपटली, चहा पाजला. पंधराच्या सकाळी ती फळी बाकावर काढून ठेवलेली होती. "जाण्याआधी हिचा नाद ऐकून जा. कोपऱ्यात धर आणि ठोक." त्याने बोटाच्या पेराने ठोकली. फळी त्याच्या हातात उभी दुभंगली.

मास्तर ओरडले नाहीत. तेच असह्य होते. "तुकडे शेगडीत टाक," एवढेच म्हणाले. "फळी गेली. माणूस तरी राहू दे."

माणूस राहिला. एक तुकडा त्याने जाळला. दुसऱ्यासाठी हात धजला नाही. तो त्याने घरी पलंगाखाली दडवला.

संध्याकाळी घरी धाकटी बहीण वाटच पाहत होती.

"दादा, तुझ्या दुकानासाठी पाहिलेला तो गाळेवाला आज रात्रीपर्यंतच थांबतोय. हो की नाही?"

"मास्तरांना या वयात सोडू? माझ्यामुळे त्यांची ती फळी..."

"तुझी ती पंधरा तारीख माझ्या पोरांना तोंडपाठ झालीय! आईचा वाढदिवस विसरतात, ती नाही विसरत. अरे, जन्मठेपेचा कैदीसुद्धा एव्हाना सुटला असता."

"तुला लाकडातलं कळत नाही."

"नाहीच कळत. ते फुटलं तर मी दुसरं आणते."

तो हसला नाही. "नाही म्हणून कळव त्याला."

तिने पर्स उचलली आणि दार आपटून निघून गेली.

त्याने पलंगाखालून तुकडा काढला. यातून एक पातळ पट्टी निघेल, ती मास्तरांच्या स्वतःच्या गिटारीच्या माथ्यावर बसवावी. मग कदाचित उद्यापासून मान थोडी वर करता येईल.

तुकड्याच्या टोकावर दोन बोटे रुंद काळ्या मेणाचा लेप तसाच होता. मास्तरांचा शिरस्ताच तो: फळी पारखली की टोकाशी पेन्सिलीने आपले निदान आणि तारीख लिहायची, आणि मगच वर मेण चढवायचे. पुन्हा पारखली की जुने खरवडून नवे लिहायचे. लिहिल्याशिवाय मेण नाही. या नियमाला त्यांनी आयुष्यात अपवाद केला नव्हता. तिच्या नादाची त्यांनी काय स्तुती लिहिली असेल, ते वाचण्याचे धैर्य त्याला एकोणीस वर्षांत झाले नव्हते. आज शिक्षा म्हणून वाचायचे त्याने ठरवले.

त्याने पटाशी तिरपी धरून मेण हलकेच खरवडले. खालून मास्तरांचे टपोरे, शिस्तीचे अक्षर वर आले:

"आतून आरपार चीर. कोपऱ्यात धरून ठोकल्यास दुभंगेल."

त्याखाली ते वर्ष, तो महिना, आणि तारीख: चौदा.